पाडव्यापर्यंत ठेवलेलं मत

ठकूनानींचं मत बदलायचं ते पाडव्याला. तेही बदलायचं असलं तर. एरवी वर्षभर कुणी काहीही पटवून सांगितलं तरी त्या नीट ऐकून घ्यायच्या, "खरं हाय तुमचं" असंही म्हणायच्या आणि आपलं मत होतं तिथंच ठेवायच्या. गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. त्या भागात शेतावरचा सालगडी पाडव्याला ठेवतात आणि पुढच्या पाडव्याला त्याचं साल पुरं होतं. मध्येच मालकानं काढायचं नाही, मध्येच गड्यानं सोडून जायचं नाही. नानींनी मतालाही हाच कायदा लावला होता, इतकंच.

मला हे समजायला काही महिने लागले, कारण मी त्या गावची नव्हते. माझे वडील गुरांचे डॉक्टर. त्यांची बदली पुणतांब्याच्या पुढच्या एका गोदाकाठच्या गावात झाली होती. मी आठव्या वर्षापासून नगरला, मिशनच्या इंग्रजी शाळेच्या बोर्डिंगात. मराठी वाचता यायचं, पण अडखळत. बी.ए. झालं होतं, लग्न ठरलं नव्हतं, आणि मी घरात कुणाला फारशी जाणवतही नव्हते. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला दुपारी तीन ते पाच दार उघडून बसणारं माणूस हवं होतं. फार न बोलणारं हवं, असं सरपंचांनी वडिलांना सांगितलं. त्या बाबतीत माझी निवड अचूक होती.

वाचनालय म्हणजे चावडीच्या शेजारची एक खोली. दोन कपाटं, एक लांब बाक आणि श्रीरामपूरच्या एसटीनं दुपारी येणारा एक पेपर. पुरुष यायचे, उभ्या उभ्या पेपर चाळायचे, माझ्याकडे न बघता जायचे. मला ते सोयीचं होतं. आठ-दहा दिवसांनी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात विळा. विळा त्यांनी दाराशी, पातं भिंतीकडे करून ठेवला आणि बाक सोडून खाली बसल्या.

"तू डाक्टरची ना? वाच."

मी वाचायला लागले. पहिल्याच मथळ्याला दोनदा अडखळले आणि ते झाकायला आवाज मोठा केला.

"सावकाश वाच," त्या म्हणाल्या. "पर आवाज चढवू नको. पेपरवाला आधीच चढवतो."

डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. कुठल्या तरी मंत्र्याचं भाषण होतं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, मला याबद्दल काही मत नाही. आमच्या शाळेत हे उत्तर विनयाचं समजलं जायचं. नानींनी मात्र डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"काहीच न्हाई? मग घरचं काम कोन करतं?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी विळा उचलला. "असू दे. पाडव्याला बघू."

त्यानंतर रानातलं काम आटोपलं की त्या येत. आठ एकर रान, त्यातला निम्मा ऊस. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावात नदीच्या डोहावर पंप बसवून शेतांना पाणी देणारी एक उपसा सोसायटी होती. तिच्या तेहतीस सभासदांत नानी एकट्या बाई.

मत कुणाचंही असो, नानींचा त्याला एकच प्रश्न असायचा. "हे कुनाकडनं घेतलं?" गिरणीवाला दळता दळता जोरजोरात सांगायचा की देश मिलिटरीच्या हातात दिल्याशिवाय सुधारणार नाही. नानींनी एकदा विचारलं, हे कुनाकडनं घेतलं. तो म्हणाला, माझंच आहे. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. तो म्हणाला, कुणाकडनं घ्यायला मी काय अडाणी आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याला आठवलं की त्याचा मेव्हणा नगरला मिलिटरीच्या कँटीनमध्ये आहे. "मेव्हण्याला नमस्कार सांग," म्हणून नानींनी पीठ डोक्यावर घेतलं. महिनाभर गिरणीत देशाचा विषय निघाला नाही. मग तो पुन्हा सुरू झाला, पण नानी दळायला आल्या की गिरणीवाला पट्ट्याकडे बघत राहायचा.

स्वतःचं प्रत्येक मत कुठून आलं हे त्यांना ठाऊक होतं. पहिलं नवऱ्याचं. ते लग्नात अंगावरच्या दागिन्यांबरोबर आलं आणि बावीस वर्षं टिकलं. नवरा गेल्यानंतरच्या पाडव्याला त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि ते मत मोकळं केलं. "लई राबलं बिचारं," असं त्या अजूनही म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी लाल झेंडेवाल्यांचं मत ठेवलं. त्यांचा एक कार्यकर्ता सायकलवरून चालला होता. तो उतरला, नानींच्या डोक्यावर वैरणीचा भारा चढवायला हात लावला आणि नाव-गाव न विचारता निघून गेला. पण पुढं वर्षभर त्यांच्यातलं कुणी गावाकडं फिरकलं नाही. एकटं मत किती दिवस राबणार, म्हणून पाडव्याला त्यालाही सोडलं. मग एक उमेदवार घरी आला, पाणी प्याला आणि तांब्या विसळून पालथा घालून गेला. घरचं माणूस दिसलं, म्हणून नानींनी त्याला वर्षभर ठेवलं. तो निवडून आला, पुन्हा काही आला नाही. पाडव्याला नानींनी निकाल दिला, "तांब्या पालथा तो पालथाच ऱ्हायला."

हे ऐकताना सुरुवातीला मी मनात हसायचे. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला सुजाण मतदार पक्षांची धोरणं तपासून निर्णय घ्यायचा. तसा मतदार मी अजून पाहिला नव्हता. वडील त्यांच्या खात्यातल्या साहेबांचं मत चालवत आणि आई वडिलांचं. दोघांनाही ते आपलंच वाटायचं.

नानींचा खराखुरा सालगडी भानुदास. पाथर्डीकडचा. तिकडं त्याची स्वतःची जमीन होती, पण पाऊस पडला तर जमीन, नाहीतर नुसता माळ. सहा पाडवे तो नानींकडेच राहिला होता. त्याची बायको कौसा वर्षातले काही महिने इकडे, काही तिकडे असायची. भानुदासचं मत दरवर्षी नानींच्या उलट असायचं. मतदानाच्या दिवशी बाकीचे मालक गड्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून एकगठ्ठा न्यायचे. नानी भानुदासला नऊ वाजता एकटा धाडायच्या आणि स्वतः अकरा वाजता जायच्या, वाटेत बोलणं निघायला नको म्हणून. ट्रॉलीवाल्यानं विचारलं, नानी, गड्याला सांगितलं का शिक्का कुठं मारायचा?

"त्याचं राबनं घेतलंय म्या," नानी म्हणाल्या. "मत त्याचं त्याच्याकडं."

दुष्काळाच्या आधीच्या पाडव्याला नानींनी सोसायटीच्या चेअरमनचं मत ठेवलं. चेअरमन म्हणजे तात्या, नात्यानं लांबचे दीर. त्यांचं म्हणणं असं की ज्यानं पैसे भरून सोसायटीचा भाग घेतला, पाणी त्याच्या रानात गेलं पाहिजे. याच्या उलट प्राथमिक शाळेचे गायकर गुरुजी. त्यांचंही रान सोसायटीत होतं, पण ते म्हणायचे, पंप सभासदांचा असेल, डोह गावाचा आहे. नानींनी तात्यांचं मत का ठेवलं हे त्यांनीच मला सांगितलं. नवरा गेल्यावर भाऊबंदांनी सोसायटीतला भाग स्वतःच्या नावावर करून घ्यायचा घाट घातला होता. तात्यांनी सगळ्यांदेखत वही पुढं ओढून ठकूबाईचं नाव लिहिलं. "माझं नाव राखलं त्यानं. हे मत कुठनं आलं ते मला पक्कं ठावं हाय." पाडव्याला ओट्यावर त्यांनी तसं जाहीर केलं. तात्यांच्या घरून साखरेची गाठी आली.

त्या वर्षी पाऊस आला नाही. दिवाळीपर्यंत विहिरी तळाला गेल्या. नदीत घाटाखालचा डोह तेवढा उरला. सरकारनं रस्त्याचं काम काढलं आणि गावाबाहेरच्या माळावर खडी फोडायला माणसं आली, बरीचशी पूर्वेकडची. त्यांत कौसा होती, लहान मुलीला घेऊन. गाव आणि माळावरची माणसं एकाच डोहाचं पाणी प्यायची. माळावर ते बैलगाडीतून, लोखंडी टिपात भरून जायचं. ऊस वाळत चालला होता. पंप सुरू केला असता तर ऊस वाचला असता आणि डोह महिनाभरात संपला असता. हे सगळ्यांना कळत होतं. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं.

एका दुपारी नानी आल्या आणि वाच म्हणाल्या नाहीत. विळा दाराशी ठेवून खाली बसल्या. मग सांगितलं की त्या कौसाला भाकरी द्यायला माळावर गेल्या होत्या. उन्हाचं चालून गेलेल्या, म्हणून कौसानं तांब्या पुढं केला. नानींनी तो सगळा पिऊन टाकला. कौसानं तांब्या घेतला, पदरानं कोरडा केला आणि पालथा घातला. तिची पोरगी त्या तांब्याकडे बघत होती. तेव्हा नानींच्या लक्षात आलं की ते त्या मायलेकींचं संध्याकाळपर्यंतचं पाणी होतं.

"म्या समदं पिले," नानी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझं मत आजारी पडलं, पोरी."

मी तोपर्यंत त्यांना कधी काही सुचवलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, मग बदला ना.

"आजारी गड्याला कुनी मधीच काढतं व्हय?"

त्यानंतर त्या पेपर ऐकायला रोज येत राहिल्या, पण मध्येच थांबवून आधीचं वाक्य पुन्हा वाचायला लावायच्या. गुरुजी पण रोज यायचे. डोहाची खोली, माणसांची संख्या, सगळा हिशेब ते समजावून सांगायचे. नानी लक्ष देऊन ऐकायच्या. "गुरुजी, तुमचं मत लई चांगलं हाय," असं त्या मनापासून म्हणायच्या. "पाडव्याला या."

तात्यांनी सोसायटीची सभा माघातच लावली. ऊस थांबणार नाही, असं त्यांनी कारण दिलं आणि ते खरं होतं. दुसरं कारण ते आमच्या वडिलांना बैल दाखवायला आले तेव्हा बोलून गेले. तेहतीसांत मतं जवळजवळ निम्मी-निम्मी होती. "पर वैनींची काळजी न्हाई. वैनी म्हंजी पंचांग. पाडव्याच्या आधी हलायच्या न्हाईत."

सभा वाचनालयाच्या खोलीत झाली. किल्ली माझ्याकडे, म्हणून मी कपाटाशेजारी थांबले. नानी दाराजवळ बसल्या होत्या. खिडकीबाहेर सभासद नसलेली माणसं उभी होती, त्यांत भानुदास. गुरुजी बोलले, तात्या बोलले. कुणी भांडलं नाही. मग तात्यांनी पंप सुरू करण्याच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं.

नानींचा हात सगळ्यांच्या मागून वर आला आणि कानाशीच थांबला. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"वैनी," तात्या म्हणाले, "नीट वर करा. मोजायला दिसंना."

नानींनी नीट वर केला.

सतरा विरुद्ध सोळा. मीही मनातल्या मनात मोजत होते. विरुद्ध बाजूचे सोळा हात वर झाले तेव्हा मला कळलं की मी स्वतःला धरून सतरा मोजले आहेत. पण मी सभासद नव्हते. सभा संपली, मी बाक जागेवर सरकवला आणि कुलूप लावलं. भानुदास बैलांना पाणी दाखवायला गेला होता.

पंप वीसेक दिवस चालला. पाणी सगळ्यांच्या उसाला मिळालं, नानींच्याही. डोहाचा चिखल झाला. गावानं कशीतरी सोय केली, पण माळावरच्या माणसांची कुणाला करता येईना. सरकारनं खडीचं काम राहुरीच्या बाजूला हलवलं. कौसा मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर चालत गेली. भानुदास मात्र इथंच राहिला, उसाला पाणी धरत. त्याच्या कामात काही फरक पडला नाही. नानी त्याला दोनदा म्हणाल्या, तू जा त्यांच्यामागं. तो हूं म्हणाला आणि पाटाची दारं मोडायला निघून गेला.

पाडव्याला आईनं गाठी देऊन मला नानींकडे पाठवलं. गुढी उभी होती. भानुदास अंगणात आपलं बोचकं घेऊन उभा होता. सालाच्या बोलीचं धान्य, धोतर, वहाणा, सगळं नानींनी त्याच्यापुढं मांडलं होतं. मग त्या आत गेल्या आणि नवं घोंगडं घेऊन आल्या. तिकडे घोंगडं साल सुरू होताना देतात. ते घेतलं की पुढचं वर्ष ठरलं.

भानुदासनं बाकीचं सगळं घेतलं. घोंगड्याला हात लावला नाही.

"न्हाई ऱ्हात मी, नानी."

नानींनी घोंगडं पुढंच धरलं. "कौसा गेली तवाच का न्हाई गेलास?"

"साल व्हतं."

"म्या जा म्हनले व्हते तुला."

"तुमी म्हनला. पर साल व्हतं."

तो रागावलेला नव्हता. विचारलेल्याचं उत्तर देत होता. गुढीच्या पायाशी वाकून त्यानं नमस्कार केला, मग नानींना केला, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला.

तेवढ्यात गायकर गुरुजी आले. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. माघापासून त्यांना पाडव्याचं आमंत्रण होतं आणि गुरुजी कुठलंही आमंत्रण चुकवत नसत. नानींनी त्यांना बसायला पाट दिला, हातावर कडुलिंब-गूळ ठेवला.

"गुरुजी, आता घिऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "डोह तर ग्येला."

गुरुजींनी कडुलिंब तोंडात टाकला आणि सावकाश चावत बसले. मी गाठी खुंटीला अडकवली आणि घरी आले.

त्या पाडव्याला नानींनी गडी ठेवला नाही आणि मतही ठेवलं नाही. जुन्याला नारळ दिला, एवढंच. आठ एकर स्वतः ओढायला लागल्या. पेपर ऐकायला येत, पण संपल्यावर "तुला काय वाटतं" असं विचारत नसत. मी पाडव्यापासून रोज त्या प्रश्नाची तयारी करून बसायचे. तो आला नाही. ऊस कारखान्याला गेला, चांगला उतरला असं लोक म्हणाले. नानींनी तो विषय काढला नाही.

त्या पावसाळ्यात पाऊस झाला. डोह भरला आणि लोक दुष्काळाबद्दल भूतकाळात बोलायला लागले. भाद्रपदात गुरुजींनी सोसायटीपुढं ठराव मांडला, की दरवर्षी माघापासून पाऊस पडेपर्यंत डोहावर पंप लावायचा नाही. पुन्हा आमची खोली, पुन्हा मी कपाटाशेजारी. तात्या शांत होते. त्यांच्या दृष्टीनं बरीच माणसं पाणी पाहून निवली होती आणि वैनींकडे तर या साली मतच नव्हतं.

ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर पहिला हात दाराजवळून आला. सरळ वर, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या.

तात्यांनी त्या हाताकडे पाहिलं. "वैनी, पाडवा लांब हाय अजून."

"हाय," नानी म्हणाल्या आणि हात तसाच ठेवला.

मग एकेक हात वर आले. काही असे होते की जे पहिला कुणाचा येतो याचीच वाट बघत असावेत. या खेपेला एका हातासाठी अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपरचा गठ्ठा घ्यायला एसटीच्या थांब्यावर गेले. नानी तिथं उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, पायांत वहाणा आणि हातावर ते पाडव्याचं घोंगडं, घडी न मोडलेलं. पाथर्डीला चालले म्हणाल्या. आमच्या वडिलांची बदली संगमनेरला झाली होती, आठवड्यात आम्ही निघणार होतो. ते मी सांगितलं. त्यांनी मान डोलवली. मग घोंगड्यावरची नसलेली धूळ झटकत विचारलं, "तुला काय वाटतं? यील का त्यो?"

त्या प्रश्नाची मी पाच महिने वाट पाहिली होती. तयार केलेलं एकही उत्तर त्याला लागू नव्हतं.

"मला वाटतं, घोंगडं आधी काढू नका," मी म्हटलं. "भानुदासशी नंतर बोला. आधी कौसाशी बोला."

नानींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे कुनाकडनं घेतलंस?"

"माझंच आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एसटी आली. कंडक्टरनं पेपरचा गठ्ठा माझ्या हातात दिला. नानी चढल्या, खिडकीशी बसल्या आणि शेजारच्या जागेवर घोंगडं ठेवलं.

"पाथर्डी," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "जायचं एक अन् यायची तीन मोठी, एक ल्हान."

"आजी, ही गाडी श्रीरामपूरपर्यंतच हाय. अन् यायचं तिकीट येताना."

"बरं. मग एक दे."

गाडीत गर्दी होती. एका माणसानं घोंगडं उचलून मांडीवर घ्यायला सांगितलं. नानींनी त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, मान डोलवली. गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा तो माणूस उभाच होता आणि घोंगडं जागेवर होतं.